सात फुटांची रेघ

बेलटोल्याला पूर फार लांबून येत नाही. गावाच्या मागे एक नाला आहे. चुलबंद नदी भरली की ती या नाल्याचं पाणी घ्यायला नकार देते, आणि मग नाला ते पाणी आमच्याकडे आणून ठेवतो. पाणी एक-दोन दिवस मुक्काम करतं आणि निघून जातं.

पूर्वी आमच्याकडे घरांना तीन पायऱ्या असत. पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत यायचं, थोडं टेकायचं आणि परत फिरायचं. पुढे गावात विकास आला. दर तीन-चार वर्षांनी सिमेंटच्या जुन्या रस्त्यावर सिमेंटचा नवा थर पडू लागला. आधीचा थर खोदून काढायला वेळ लागतो, आणि विकासाला तेवढी सवड नसते. रस्ता वर येत गेला, पायऱ्या एकेक करून त्याच्या पोटात गेल्या. आता काही घरांत रस्त्यावरून उतरून जावं लागतं. माणसांना जरा त्रास होतो, पण पाण्याची मोठी सोय झाली आहे.

ही सोय सगळ्यांत जास्त आमच्या शाळेला मिळाली. दोन खोल्यांची, चौथीपर्यंतची शाळा. मी तिथे बावीस वर्षं शिकवलं, निवृत्त झालो, आणि घर शाळेसमोरच असल्यामुळे अजूनही संध्याकाळी माझ्या ओसरीवर पोरं बसतात. आता शाळेत प्रिया मॅडम आहेत. त्या एकट्याच चारही वर्ग सांभाळतात, म्हणजे सकाळी पहिलीला गप्प बसवून चौथीला शिकवतात आणि दुपारी उलट.

माझी एक जुनी सवय मॅडमनी चालू ठेवली होती. पूर उतरला की भिंतीवरची ओल वाळायच्या आत पोरांनी गेरूने रेघ मारायची, आणि रेघेखाली रेघ मारणाऱ्याने आपलं नाव आणि इयत्ता लिहायची. नाव कशाला, असं पोरं विचारायची. मी सांगायचो, चूक निघाली तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असावं. मोठ्या माणसांच्या जगात ही पद्धत नाही, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. लहान होती.

दोन वर्षांपूर्वी मोठा पूर आला. त्या वेळी पोरांनी शाळेत रेघ मारली, आणि शाळेच्या शेजारच्या मुन्नालाल शेठच्या गल्लीकडच्या भिंतीवरही मारली. मुन्नालाल शेठचं कोहमाऱ्याच्या चौकात धानाचं दुकान आहे. त्यांच्या घरात फूट-दोन फूट पाणी शिरलं, तांदळाची पोती भिजली, आणि शेठजींनी ठरवलं की आता घर उचलायचं.

गावाला वाटलं, शेठजींच्या डोक्यात पाणी गेलं. पण पुढच्या उन्हाळ्यात हरियाणाहून खरोखर मिस्त्री आले. त्यांनी घराच्या पायाखाली चारी बाजूंनी खणून दीडशे जॅक बसवले. एक जण शिट्टी वाजवायचा, बाकीचे सगळे एकाच वेळी आपापला जॅक जरासा फिरवायचे, आणि अख्खं घर दोन बोटं वर जायचं. आत शेठजींचं कुटुंब राहतच होतं. "कप में चाय थी, एक थेंब नहीं सांडला," असं शेठजी आजही सांगतात. गावातले लोक खुर्च्या टाकून बघत बसायचे. धानाच्या हंगामातसुद्धा इतकी वक्तशीर हजेरी कधी लागली नव्हती.

दीड महिन्यात घर चार फूट वर गेलं. खाली नवी भिंत बांधून, गिलावा करून, वरपासून खालपर्यंत एकसारखा पिवळा रंग दिला. फक्त रेघेभोवतीची चौकोनी जागा शेठजींनी रंगवू दिली नाही. तिच्याभोवती लाल ऑइलपेंटची चौकट काढून वर सुंदर अक्षरांत 'पूररेषा' असं लिहून घेतलं. गोंदियाहून एक मोबाईलवर बातम्या देणारा पोरगा आला. त्याने शेठजींना त्या चौकटीखाली उभं करून चित्रफीत काढली: 'सात फीट पानी को हरानेवाला घर'.

घर वर गेलं तेव्हा भिंतही वर गेली होती, आणि भिंतीबरोबर रेघही. तीन फुटांवरची रेघ आता सात फुटांवर होती. हे साऱ्या गावाने खुर्चीवर बसून डोळ्यांनी पाहिलं होतं. पण येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना ती रेघ दाखवता दाखवता वर्षभरात गावाची आठवणही चार फूट वर गेली. तिला जॅकसुद्धा लागले नाहीत.

मग या पावसाळ्याआधी वरून पत्र आलं. ज्या शाळांत पुराचं पाणी शिरतं त्यांची इमारत उचलून घ्यावी. उचलणं शक्य नसेल तर शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवावीत. आमच्यासाठी जवळची शाळा हायवेच्या पलीकडे, साडेतीन किलोमीटरवर. नागपूर-रायपूर रस्त्याचे ट्रक ज्याने पाहिले आहेत त्याला पुढचं सांगायला नको. एकोणीस पोरं होती. त्यांतली सहा पहिलीतली, ज्यांना अजून डावा-उजवा हात विचारला तर आधी दोन्ही हातांकडे बघावं लागतं.

तपासणीला इंजिनिअर साहेब येणार म्हणून सरपंच शालीकराम यांनी दोन दिवसांत शाळेला आतून-बाहेरून आकाशी रंग मारून घेतला. पोरांनी मारलेल्या सगळ्या रेघा त्या आकाशात गेल्या. त्यांच्या जागी ठळक अक्षरांत 'पाणी अडवा, पाणी जिरवा' असं लिहिलं. शाळा हे काम कित्येक वर्षं करत होती. आता तशी पाटी लागली, एवढंच.

साहेबांचं नाव दुर्गेश. वय तिशीच्या आतलं, पायात नवे पांढरे बूट. त्यांनी भिंती पाहिल्या, पाया पाहिला, आणि विचारलं, "पूर इथे कुठपर्यंत येतो? काही खूण?"

"होती ना साहेब," शालीकराम म्हणाले, "पण तुमी येनार मनून साफ करून घेतली. बरोबर नव्हती दिसत. चला, त्यापेक्षा चांगली दाखवतो."

आणि ते साहेबांना शेठजींच्या भिंतीपाशी घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. साहेबांनी टेप लावला. सात फूट एक इंच. फोटो काढला, वहीत लिहिलं.

मी म्हणालो, "साहेब, हे घर गेल्या उन्हाळ्यात चार फूट उचललंय. रेघ घराबरोबर वर गेली. पाणी तीन फूट होतं."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी शेठजींकडे पाहिलं.

"अरे गुरुजी, आप भी ना!" शेठजी हसले. "घर उठाया मैंने, पानी थोडी उठाया! पानी तर सात फूटच होतं."

"गावातल्या लोकांचं काय म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं.

समोरच्या घरातल्या देवकाबाई पुढे झाल्या. "गळ्यापर्यंत होतं, मायबाप! मी उभी होती ना अथीच. गळ्यापर्यंत! देवाचं नाव घेतलं मनून वाचली."

देवकाबाईंचा गळा जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर आहे. पाणी सात फूट असताना तो गळा नेमका कुठे होता, हे मी विचारलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. मग गर्दीतून एकाने पंख्याच्या पात्यावर मासा पाहिल्याचं सांगितलं. दुसऱ्याने तो मासा कोणत्या जातीचा होता तेही सांगितलं.

ही माणसं खोटारडी नाहीत. सरकारला सांगताना थोडं वाढवून सांगायचं, ही इथली रीत आहे, कारण सरकार देताना थोडं कापून देतं. दोन एकर धान बुडालं तर तीन सांगायचं, म्हणजे दोनाची भरपाई मिळते. शालीकरामांच्या मनात तेच होतं. पाणी जास्त दाखवलं की शाळेचं काम लवकर मंजूर होईल. या वेळी गडबड एवढीच झाली, की ऐकणाऱ्याने काहीच कापलं नाही.

"सात फूट," साहेब लिहिता लिहिता म्हणाले, "वर सुरक्षेसाठी एक फूट. म्हणजे आठ. आम्हाला चार फुटांपर्यंतच उचलायची मंजुरी आहे. आठ फूट नाही होणार."

"मंग?" शालीकराम म्हणाले.

"मग शाळा बंद करून मुलं पलीकडच्या शाळेत. ग्रामसभेचा ठराव लागेल. पुढच्या गुरुवारी येतो."

पुढे झालेली माणसं दोन पावलं मागे सरकली. पंख्यावरच्या माशालाही बहुतेक कळलं, की आपण जरा जास्तच वर चढलो.

साहेबांची गाडी गेल्यावर शालीकराम माझ्या ओसरीवर येऊन बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"गुर्जी, हे तं उलटंच झालं गा."

"तुम्ही साहेबांना फोन करून सांगा ना, पाणी तीन फूट होतं म्हणून."

"कसं सांगू? सरपंच खोटं बोलला मनून सांगू?"

"चुकीचं बोलला म्हणा."

"आनं शेठजी? त्यायचा तो मोबाईलवरचा पिक्चर चाळीस हजार लोकायनं पाहिला. ते तीन फूट मनतीन काय? नाई मनत. देवकाबाई तं शपथ घ्यायले तयार हाय." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "माई नात हाय ना पयलीत. ते हायवे कसा पार करन?"

मी म्हणालो, "ते तुम्ही सातचा आकडा सांगताना विचारायचं होतं." हे जरा लागलं असावं. ते उठून गेले.

त्या संध्याकाळी पोरं आली तेव्हा सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. गावात बातमी आधी पोरांना कळते, मग मोठ्यांना, आणि शेवटी ग्रामपंचायतीला. मी पाढे बाजूला ठेवले आणि विचारलं, "दोन वर्षांमागे पाणी किती होतं, हे आज कसं ठरवायचं? ज्याला जे सुचेल ते सांगा."

लखन म्हणाला, "शेठजीले विचारायचं."

"विचारलं. ते सात म्हणतात."

"शाळेचा रंग खरवडायचा," दुसरा म्हणाला. "खाली रेघ असन."

"असेल. पण दोन रेघा दोन आकडे सांगायला लागल्या, तर साहेब कोणती खरी मानतील? आपल्या रेघेवर रंगाचा थर आहे. शेठजींच्या रेघेला चौकट आहे."

पोरं विचारात पडली. मला घाई नव्हती. पोरांना उत्तर दिलं की ती ते विसरतात, आणि प्रश्न दिला की रात्री जेवतानासुद्धा त्यांच्या पानात असतो. एकाने सुचवलं, की शेठजींचं घर परत खाली करावं. तो हिशेबाने बरोबर होता.

दिव्या भिंतीला टेकून बसली होती. रेवाराम नावाच्या मोहफुलं, तेंदूपानं गोळा करणाऱ्या माणसाची ही मुलगी, चौथीत. बोलते कमी, आणि बोलण्याआधी नाक ओढते. तिने नाक ओढलं.

"गुर्जी, ते शेठजीची रेघ मी मारली होती."

"तू?"

"हो. शाळेतली लखननं मारली, शेठजीची मी. मायं नाव हाय ना खाली. दुसरी मनून लिवलं हाय."

मला आठवेना. इतक्या वर्षांत इतक्या रेघा झाल्या होत्या. त्या चौकटीकडे मी कितीदा पाहिलं असेल, पण खालचं बारीक अक्षर या डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसत होतं त्यांना वाचायची गरज वाटली नव्हती.

"तू ती कशावर चढून मारलीस?"

"कायवर नाई. उभ्यानं. इथं होती." तिने आपल्या छातीपाशी हात धरला, मग विचार करून थोडा वर नेला. "तवा मी एवढी होती ना, मंग गळ्याच्या खाली."

लखन आधी ओरडला. मग सगळेच ओरडले. मी त्यांना ओरडू दिलं.

गुरुवारची ग्रामसभा शेठजींच्या घरापुढे भरली. घर उचलल्यापासून त्यांची ओसरी पाच फुटांवर गेली आहे आणि चढायला नऊ पायऱ्या आहेत. त्यामुळे गावाला आयतं व्यासपीठ मिळालं आहे. साहेब वर खुर्चीवर बसले, बाजूला शेठजी आणि शालीकराम. खाली सतरंजीवर गाव. प्रिया मॅडम पोरांना घेऊन कडेला बसल्या होत्या. शाळा बंद होणार असेल तर निदान ती कशी बंद होते ते मुलांनी पाहावं, असं त्या मला म्हणाल्या. मॅडम सहसा असं बोलत नाहीत.

शालीकरामांनी ठराव वाचायला घेतला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "पुराची पातळी सात फूट असल्याकारणाने..." इथपर्यंत ते आले आणि दिव्याने हात वर केला.

"पोट्टे ग्रामसभेत नाई बोलत," शालीकराम म्हणाले.

"बोलू द्या," साहेब म्हणाले. "शाळा तिचीच आहे."

दिव्याने नाक ओढलं. "साहेब, तुमी रेघीचा फोटो काढला ना, मंग त्याच्या खाली काय लिवलं हाय ते वाचलं काय?"

साहेबांनी मोबाईल काढला. फोटो शोधला, दोन बोटांनी मोठा केला. कपाळाला आठी पडली. मग त्यांनी मोठ्याने वाचलं, "इथपर्यंत पाणी. दिव्या रेवाराम, इयत्ता दुसरी." त्यांनी मान वर केली. "दिव्या कोण?"

"मीच."

साहेब नऊ पायऱ्या उतरून खाली आले. त्यांच्यामागे सगळं गाव गल्लीत गेलं. दिव्या भिंतीपाशी उभी राहिली, टाचा उचलल्या, हात जितका जाईल तितका वर ताणला. बोटांच्या टोकापासून तिच्याच नावापर्यंत हातभर अंतर उरलं होतं.

"दुसरीत मी इथं लिवलं," ती म्हणाली. "आता चौथीत हाय तं हात पुरून नाई राहिला. मी लहान झाली काय, साहेब?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"टेबलावर चढली असन पोट्टी," देवकाबाई म्हणाल्या.

"शाळेचा टेबल तं वाहून गेला होता, आजी. तुमच्याच सांदीत सापडला. तुमी तीन महिने त्याच्यावर पापड वाळवले."

आता मात्र सगळे हसले. देवकाबाईंनी पदर सावरला आणि त्या दुसरीकडे बघू लागल्या.

"बच्ची है, साहेब," शेठजी म्हणाले. "किसी ने उठाया होगा. कोणी उचलून घेतलं असन तिला, तेव्हा लिहिलं."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. मग भिंतीच्या वरच्या आणि खालच्या भागावर त्यांनी बोटांनी टकटक केली. पिवळा रंग एकच होता, पण वरून मातीचा आवाज येत होता आणि खालून नव्या विटांचा. गेल्या वेळी त्यांनी ती भिंत मोजली होती, पाहिली नव्हती.

"ठीक आहे," ते शांतपणे म्हणाले. "गाव म्हणतं तर सात फूट धरू. शेठजी, तुमच्या घराची जमीन आता रस्त्यापासून किती वर आहे?"

"पाँच फूट!" शेठजींची छाती फुगली. "पूरे पाँच!"

"आणि पाणी सात. म्हणजे पुढच्या पुरात तुमच्या घरात दोन फूट पाणी."

शेठजी बोटांवर मोजू लागले.

"दोन वर्षांपूर्वी घरात किती होतं?"

"दो... दो फूट."

"म्हणजे चार फूट घर उचलून पाणी तेवढंच राहिलं." साहेबांनी वही उघडली. "मग मला हे घरही लिहावं लागेल. पूरबाधित, राहण्यास अयोग्य. पावसाळ्यात रिकामं ठेवावं. सरपंच, शाळेच्या ठरावातच एक ओळ वाढवा."

शालीकरामांनी पेन उघडलं. ते इतक्या तत्परतेने उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"रुको, रुको!" शेठजी पुढे आले. कपाळावर घाम होता. हरियाणाचे मिस्त्री, दीडशे जॅक, न सांडलेला चहा आणि चाळीस हजार लोक, सगळे एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावरून गेले असावेत. "तीन फूट साहेब. तीनच होतं. लिखो, तीन."

"नक्की?"

"अरे, मेरी आँखों से देखा है! घुटने के थोडा ऊपर!"

मग बघता बघता पूर ओसरला. पंख्यावरचा मासा आधी खिडकीत उतरला, मग ओट्यावर, आणि शेवटी त्याचा धनी म्हणाला की तो बहुतेक बेडूक असावा. शालीकराम म्हणाले, "मले बी पयलेपासून तीनच वाटत होतं." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वयोमानाने मला काही गोष्टी न पाहता येतात.

साहेबांनी सातावर रेघ मारून तीन लिहिलं, खाली सही केली. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं यावर थोडे अडखळले. शेवटी लिहिलं, 'पूररेषा घरासह वर सरकलेली आढळली.' मग दिव्याला विचारलं, "रेघेखाली नाव लिहायचं कुणी शिकवलं?"

"गुर्जीनं. चूक निघाली तं कोनाले विचारायचं ते समजते मनून."

साहेबांनी आपल्या सहीखाली कंसात स्वतःचं नाव स्पष्ट अक्षरांत लिहिलं.

मंजुरी आली ती मात्र पावसाळा संपल्यावर. त्या वर्षी पाऊस दयेने कमी पडला. काम पुढच्या उन्हाळ्यात सुरू झालं. तेच हरियाणाचे मिस्त्री, तेच जॅक, गावकऱ्यांच्या त्याच खुर्च्या. दिव्याची तोवर चौथी संपली होती आणि जूनपासून ती सायकलीने मोठ्या शाळेत जाणार होती. पण ज्या दिवशी शाळा उचलायची त्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी दारात उभी होती. हातात नारळाची किशी आणि पाण्याची बादली.

"आधी रेघ उतरवा," ती मिस्त्रींना म्हणाली, "मंग शाळा उचला."

"बेटी, लकीर से क्या होगा?" मिस्त्री म्हणाला.

"तुमाले नाई माहीत, काका. इथं रेघा वर उडतात."

मिस्त्रीने शिट्टी खिशात ठेवली. पोरांनी आकाशी रंग घासून काढला. 'जिरवा' गेलं, मग 'पाणी' गेलं, आणि खालून लखनचं नाव लिहिलेली रेघ निघाली. जमिनीपासून तीन फूट. आता ती कुठे न्यायची, यावर वाद झाला. घरावर नको, सगळी घरं उद्या उचलली जातील. रस्त्याकडेच्या दगडावर नको, नवा थर पडला की दगडच पुरला जाईल. शेवटी शाळेच्या अंगणातला कडुनिंब ठरला. पोरांनी टेप लावून रेघ त्याच्या खोडावर उतरवली.

शालीकराम बघत होते. "झाड वाढन ना गा गुर्जी," ते म्हणाले. "झाडासंगं रेघ बी वर जाईन. मंग परत तेच."

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. निम्म्यांना सरपंचांचं पटलं होतं, निम्म्यांना नव्हतं. मी पहिलीच्या सहा पोरांना रेघेशेजारी एकेक चुना लावलेला खिळा ठोकायला लावला आणि म्हणालो, "चौथीत गेलात की खिळा जमिनीपासून किती वर गेला ते मोजा, आणि सरपंचांना सांगा." त्यात शालीकरामांची नातही होती. तिने खिळा ठोकताना स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारली, पण रडली नाही. आजोबाच "अयाई" म्हणाले.

शाळा चार फूट वर गेली. ऑगस्टमध्ये चुलबंद भरली, नाल्याने नेहमीप्रमाणे पाणी आणून ठेवलं. या वेळी वर्गाच्या उंबऱ्याखाली पाणी दीड फूट लांब राहिलं. ज्यांची घरं उचललेली नव्हती ती माणसं दोन दिवस शाळेत झोपली. पहिलीच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पाहून पोरांना फार आनंद झाला. प्रिया मॅडमनी त्यांचीही हजेरी घेतली.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. सुट्टीचा दिवस होता, म्हणून दिव्याही आली होती. ओल वाळायच्या आत पोरांनी कडुनिंबावर गेरूने नवी रेघ मारली. अडीच फूट. खाली शालीकरामांच्या नातीने नाव लिहिलं, 'इयत्ता दुसरी', आणि दुसरीतला 'दु' एकदा पुसून पुन्हा काढला.

देवकाबाई चिखल तुडवत आल्या. शाळेतून घरी परत नेण्याचं त्यांचं गाठोडं काखेत होतं. झाडापाशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "यंदा तं लय होतं बाप्पा, गुर्जी. गळ्यापर्यंत! मी उभी होती ना अथीच."

दिव्या झाडापाशी गेली. तिने फक्त रेघेवर बोट ठेवलं. रेघ देवकाबाईंच्या कमरेच्या जरा खाली होती.

देवकाबाईंनी वाकून रेघ पाहिली. नाव वाचता येत नव्हतं, तरी तेही पाहिलं. गाठोडं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"मंग मी बसून असन व," त्या म्हणाल्या, आणि घराकडे निघाल्या.